चढाला उतरायचं का?

आई माथेरानला निदान पन्नास वेळा गेली असेल, पण तिने माथेरान कधी पाहिलं नव्हतं.

तिचं माहेर नेरळजवळचं, डोंगराच्या अगदी पायथ्याचं. दहा-बारा वर्षांची असताना मे महिन्यात ती आत्याबरोबर पहाटे निघायची. डोक्यावर करवंदांची नाहीतर जांभळांची पाटी घेऊन पायवाटेने वर जायचं, बाजारात कोपऱ्यात बसायचं, पानांच्या द्रोणात फळं विकायची आणि पाटी रिकामी झाली की खाली यायचं. "पॉइंट बघायला वेळ कोणाला होता? आणि आत्या म्हणायची, ते मुंबईच्या लोकांचं." पुढे लग्न होऊन ती शेलूला आली, म्हणजे लोकलच्या एका स्टेशनावर. आमच्या गॅलरीतून तो डोंगर रोज दिसतो. पावसाळ्यात ढगात जातो, ऑक्टोबरात परत येतो. मी इंजिनीअरिंग करून नोकरीला लागले, ऐरोलीला जाऊ-येऊ लागले, ऑफिसच्या लोकांबरोबर तीनदा माथेरान करून आले, स्टेटसला फोटो टाकले. आईने ते फोटो बोटांनी मोठे करून पाहिले आणि विचारलं, "इथून आपलं घर दिसतं का?"

म्हणून 2025च्या जानेवारीत मी तिला घेऊन गेले.

ज्यांनी माथेरान पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नेरळहून टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत जाते आणि तिथे थांबते. पुढे मोटारीला बंदी. 2003 साली हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, पण मोटार नसण्याची रीत त्याच्या फार आधीची. दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून बाजारापर्यंत मिनी ट्रेनची शटल आहे. नेरळहून वर येणारी ती छोटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून 1904 ते 1907 या काळात बांधली गेली. बाकी लाल मातीचा रस्ता, झाडी, माकडं आणि शांतता. आपण मुंबईकर (शेलूवाले शनिवारी स्वतःला मुंबईकरच समजतात) याच शांततेसाठी जातो.

पण मोटार काढून टाकली म्हणून तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे घोडा उभा राहतो, नाहीतर माणूस. हॉटेलातला गॅस सिलिंडर, तांदळाची गोणी, सिमेंट, माझ्या हातातली पाण्याची बाटली, हे सगळं कुणाच्या तरी पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून आलेलं असतं. हे मला आधीच्या तीन ट्रिपांमध्ये सुचलं नव्हतं. आईला दस्तुरीवर उतरल्या उतरल्या सुचलं. हमालाच्या डोक्यावरच्या तीन बॅगा बघून ती म्हणाली, "याला पुढच्या बाजूला जास्त वजन झालंय. मान दुखेल."

आईला पॅनोरमा पॉइंटला जायचं होतं, कारण तिथून नेरळची बाजू दिसते. शटल आणि ई-रिक्षा बाजाराकडे जाणाऱ्या. घोड्याला ती घाबरते. गुडघे असे की जिना उतरताना भिंत धरते. राहिली हातरिक्षा. दोन मोठी चाकं, मध्ये खुर्चीसारखी बैठक. पुढे दांड्यात एक माणूस, मागून ढकलायला दुसरा.

माझा एक नियम होता: माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचं नाही. कॉलेजात असताना केलेला. त्या वयात आपण बरेच नियम करतो आणि त्यातले जे पाळायला सोपे असतात तेवढे टिकतात. मला पाय आहेत, मी चालते, त्यामुळे हा टिकला होता. आता गुडघे आईचे होते आणि नियम माझा. मी म्हटलं, "आई, आपण बाजारातच जाऊ, तिथून एखादा जवळचा पॉइंट बघू." ती रिक्षावाल्याशी बोलायलाही लागली होती. पैसे किती, परत आणाल का, जेवलात का. आणि बसली.

मी बाजूने चालत होते. खरं सांगायचं तर मला स्वतःबद्दल जरा बरं वाटत होतं. पहिला चढ आला तसा पुढच्या माणसाचा शर्ट पाठीला चिकटला आणि आई म्हणाली, "थांबा हो दादा, चढाला मी उतरते."

तो थांबला नाही. म्हणाला, "बसा मावशी. तुम्ही उतरला तर पैसं कशाचं घेऊ?"

आई बसून राहिली. थोडं पुढे गेल्यावर त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "ताई, तुम्ही का नाय बसला? दुसरी गाडी होती की तिथं."

मी म्हटलं, "नको, मला बरं वाटत नाही, माणसाने ओढलेलं..."

"असं बोलणारे लय येतात," तो म्हणाला. रागाने नाही, हवामान सांगावं तसं. "चांगले असतात. पण ते चालत जातात."

गेलं वर्षभर मी या वाक्याशी भांडते आहे. माझ्या नियमाने त्याच्या पाठीवरचं वजन कमी झालं होतं आणि त्याच हिशेबाने खिशातलंही. मग नियम कोणासाठी होता? ओढणारा दिसला की मला त्रास होतो, म्हणून मी तो दिसणार नाही अशी व्यवस्था करते आणि तिला तत्त्व म्हणते. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. 'त्याला पैसे मिळतात ना, मग बसा' एवढ्यावर थांबलं तर जगातलं कुठलंही वाईट काम योग्य ठरतं. गरज आहे म्हणून माणूस करतो, आणि तो करतो म्हणून आपण देतो. या हिशेबात कुठेच कोणी चुकत नाही, आणि पन्नाशीतला माणूस मात्र दांड्यात असतो.

पुढे वाट अरुंद झाली तिथे रिक्षा थांबली. शेवटचा तुकडा आई माझा हात धरून चालली. कठड्याशी उभी राहिली तेव्हा ऊन वर आलं होतं. खाली नेरळ, रेल्वेचा रूळ, एक लोकल मुंगीसारखी चाललेली, उल्हास नदीचा वळणदार पट्टा, आणि शेलूच्या बाजूला गेल्या दहा-पंधरा वर्षांत उगवलेल्या पांढऱ्या इमारती. मी आमची सोसायटी शोधत होते. आई तिकडे बघतच नव्हती. ती उतारावरच्या झाडीत पायवाट शोधत होती. "ती बघ, तिथून यायचो. नाही, ती नसेल. झाडं वाढली." खूप वेळ ती त्या एका रेघेच्या मागे होती. पॉइंटवरून लोक जे बघतात त्यातलं तिने फारसं काही बघितलं नाही.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली हा डोंगर चढला आणि तिथून माथेरानचा 'शोध' मोजतात. लुईझा, शार्लट, अलेक्झांडर, हार्ट ही नावं साहेबांच्या काळातली. मॅलेटला वाट दाखवणारं कोणीतरी असणारच, सामान वाहणारंही. मी त्याबद्दल आईला काही बोलले नाही. तिला लुईझा कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. परत येऊन दोघांना हाक मारली. पुढचा माणूस रिक्षाच्या बैठकीत बसला, कारण सावली तिथेच होती, आणि आई समोरच्या दगडावर. जेवता जेवता त्याने सांगितलं की चढापेक्षा उतार वाईट. चढाला दम लागतो, पण उताराला सगळं वजन अंगावर येतं आणि पायाने ब्रेक मारावा लागतो.

त्या वर्षी 6 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. मी तो लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचला. माणसाने माणसाला ओढणं अमानुष आहे आणि राज्यघटनेतल्या प्रतिष्ठेच्या वचनाशी विसंगत आहे, असं सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने म्हटलं. पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या 1980च्या निकालाची आठवण काढून, पंचेचाळीस वर्षांनंतरही हे चालू आहे याची खंत व्यक्त केली. आणि न्यायालय तिथे थांबलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. गुजरातमध्ये केवडियाला स्थानिक बायकांना ई-रिक्षा भाड्याने दिल्या तशी योजना माथेरानला करा, खऱ्या हातरिक्षावाल्यांना आधी द्या, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. माथेरानमध्ये परवान्याच्या हातरिक्षा 94. त्यांच्याच संघटनेने ई-रिक्षा मागितली होती, 2022च्या डिसेंबरात चाचणीही झाली होती. म्हणजे 'आम्हाला यातून सोडवा' हे ओढणारेच म्हणत होते. फक्त ते 'आमच्या गाडीत बसू नका' असं म्हणत नव्हते. माझा नियम आणि त्यांची मागणी यांत नेमका एवढा फरक होता. मी बाजूला झाले होते. त्यांना बाजूला व्हायचं नव्हतं, त्यांना स्टिअरिंग हवं होतं.

तरी 'अमानुष' या शब्दापाशी मी अडखळते. माणसाने माणसाला वाहून नेणं मुळातच अमानुष आहे का? याच डोंगराच्या उतारावर ज्या आदिवासी वाड्या आहेत, तिथून अजूनही कधी आजारी माणूस, कधी बाळंतीण झोळीत घालून चार जणांच्या खांद्यावर खाली आणावी लागते. रस्ता नाही ही लाज सरकारची आहे, खांदा देणाऱ्यांची नाही. देवाच्या पालखीला खांदा लागावा म्हणून गावात भांडणं होतात. मेलेल्या माणसाला खांदा देणं हे तर आपल्याकडे शेवटचं नातं. तेव्हा वाहण्यात कमीपणा नाही. मला वाटतं, प्रश्न पाळीचा आहे. झोळी धरणाऱ्याला ठाऊक असतं की उद्या आपण आजारी पडलो तर हेच चौघं येतील. जुन्या पालखीच्या भोयाची पाळी मात्र कधीच येत नव्हती. त्याच्या मुलाचीही नाही. हातरिक्षात आणि भोयात म्हणूनच फार अंतर नाही.

हे पटलं की मात्र अडचण घरी येते. मी ज्या टीममध्ये आहे ती डिलिव्हरीच्या गाड्यांचे मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर बनवते. आमच्या स्क्रीनवर रायडर हा नकाशावरचा एक ठिपका असतो. ठिपका सात मिनिटं हलला नाही की तो लाल होतो. तो लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचे पाच मजले चढतोय की घोटभर पाणी पितोय, हे त्या रंगात कळत नाही. ते कळावं असं कोणी आमच्याकडे मागितलेलंही नाही, आणि मीही सुचवलेलं नाही. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला मला दिसत नाही, त्यामुळे इथे माझा काही नियम नाही. माथेरानला निदान मी त्याच्या शेजारून चालत होते.

गेल्या महिन्यात मी मीटिंगमध्ये विचारलं की त्या लाल रंगाच्या आधी रायडरला 'थांबलोय' असं सांगणारं एखादं बटण देता येईल का. चांगली कल्पना आहे, यादीत टाकू, असं उत्तर मिळालं. यादी लांब आहे. मी दर सोमवारी ती उघडून बघते.

आईचे गुडघे आता अजून कुरकुरतात, पण तिला पुन्हा जायचंय. या वेळी ती पायवाट नीट शोधायची आहे. "आधी त्याला फोन कर," ती म्हणते. "ई-रिक्षा त्याला मिळाली का ते विचार. मिळाली असेल तर त्याच्याच गाडीत बसू. नसेल मिळाली तरी विचारायला काय जातं?"

त्याने निघताना नंबर दिला होता. आईला त्याचं नाव, गाव, दोन्ही मुलींची नावं, धाकटीची दहावी, सगळं पाठ आहे. मी फोन हातात घेतला, शोधायला लागले, नावाने सापडेना. मग आठवलं. मी तो नंबर 'माथेरान रिक्षा' म्हणून सेव्ह केला होता.