काढा देणारा हात

वाशीम जिल्ह्यातील रिठद येथे एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलो असता पावसाळी हवेने आम्हांस ताप भरला. घरातील वडीलधाऱ्या मावशींनी कडुलिंबावर चढलेल्या गुळवेलीचे कांड आणले, ठेचून पाण्यात आटवले आणि वाटी पुढे केली. ‘घ्या बाप्पा, उद्याले बरं वाटीन.’ आम्ही घेतली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

श्रेय कोणाचे? साधी सर्दी, पडसे, विषाणूंमुळे आलेला ताप हे बहुधा आपापल्या मुदतीने उतरतात. म्हणून त्या काळात जे घ्यावे त्याचा गुण आल्यासारखा वाटतो. पिढ्यांचा अनुभव म्हणतो, ‘कोणास काही झाले नाही.’ परंतु घरातील डोळ्यांना दिसते ते संध्याकाळपर्यंतचे; दोन महिन्यांनी यकृतात काय घडले ते त्यांना कसे दिसावे?

कोविडच्या साथीत, २०२० साली, मुंबईतील डॉक्टरांना यकृतदाहाचे सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. त्यांतील एक दगावला. २०२१ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख तपासलेली नाही, ती सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. आक्षेप मान्य केला तरी आमची चिंता वाढतेच. वैद्यांचीही जेथे फसगत संभवते, तेथे परसातल्या हाताने वेल ओळखावी कशी?

याचा अर्थ झाडपाल्याला हसावे असा मुळीच नव्हे. सतराव्या शतकात पेरूमधील सिंकोनाची साल हिवतापावर युरोपात पोहोचविण्यात येशूसंघीयांचा मोठा वाटा होता. ‘जेझुइटांची साल’ हे नाव त्यावरूनच पडले. मात्र प्रत्येक सालीचा जोर निराळा. १८२० साली तिच्यातून क्विनाइन वेगळे काढण्यात आले, तेव्हा कोठे मात्रा मोजून देता येऊ लागली. चीनमधील तू यूयू यांनाही २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते जुन्या वनस्पतीतून हिवतापाचे औषध शोधून, पारखून घेतल्याबद्दल.

आणि आपला घरचा मध? मुलांचा खोकला त्याने थोडा शमतो, याला चाचण्यांचा आधार आहे. तोच मध वर्षाखालील बाळास चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे प्राणावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. चाटविणाऱ्या आजीच्या मायेत काय उणे असते?

स्वतः काढा पिणारा आपल्या देहाचा धोका पत्करतो. दुसऱ्यास, त्यातही बोलता न येणाऱ्यास, पाजणारा मात्र परक्या देहाचा धोका परस्पर पत्करतो. धाप लागलेले, पाणीही न पिणारे मूल काढ्याच्या भरवशावर घरी ठेवले, तर गेलेला दिवस परत आणता येत नाही.

निघताना मावशींनी चार कांडे पिशवीत घातली. आम्हांस नाही म्हणवले नाही. घरी आल्यावर शेजारच्या वहिनी ती मागावयास आल्या. आम्ही विचारले, ‘कोणासाठी? आणि तापाचा आज कितवा दिवस?’