चार मिनिटं कोणाची?

बिल्ड सुरू केली की मला साधारण चार मिनिटं मिळतात. लोकलची वाट पाहताना सहा-सात, लिफ्टपाशी एक, ओटीपी येईपर्यंत अर्धं. मीटिंगला सगळे जॉइन होईपर्यंत जी दोन-तीन मिनिटं जातात, ती वेगळीच. दिवसभरात असे तुकडे पुष्कळ पडतात आणि त्या प्रत्येक तुकड्यात आपला अंगठा आपोआप कुठे जातो, हे तुम्हालाही माहीत आहे.

चर्चमध्ये, युवकांच्या शिबिरांत, ख्रिस्ती यूट्यूब चॅनेलांवर यावर एक सल्ला हमखास मिळतो: वाया जाणारे हे तुकडे देवाला द्या. रांगेत उभे असताना एक वचन पाठ करा, प्रवासात एक अध्याय ऐका, चहा उकळेपर्यंत कोणासाठी तरी प्रार्थना करा. सल्ला चांगला आहे. मीही यातलं बरंच करतो. पण त्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: मोकळा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ आणि आध्यात्मिक वाढ म्हणजे त्या वेळातून काढलेलं उत्पादन. माझा प्रश्न इथे सुरू होतो. ऑफिसात जी नजर माझ्या प्रत्येक तासाचा हिशेब मागते, तीच घेऊन मी प्रार्थनेत शिरलो, तर वाढतं ते नेमकं काय?

तुकड्यातुकड्यांनी प्रार्थना करणं ही काही आपल्या धावपळीच्या काळाने काढलेली पळवाट नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या रोमन विधवेला प्रार्थनेविषयी एक लांब पत्र लिहिलं. त्यात तो इजिप्तमधल्या संन्याशांचं उदाहरण देतो. ते वारंवार प्रार्थना करत, पण प्रत्येक प्रार्थना अगदी छोटी, बाणासारखी झटकन सोडलेली. कारण व्यवहाराचं होतं: प्रार्थना लांबत गेली की लक्ष बोथट होतं. पुढच्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले, त्यांतही प्रार्थना थोडकी आणि निर्मळ असावी असं सांगितलं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबला. १६९१मध्ये तो वारला, आणि त्याच्या नावावरचं छोटंसं पुस्तक त्याच्या पत्रांतून आणि त्याच्याशी झालेल्या संभाषणांतून नंतर इतरांनी जमवलं. भांड्यांच्या खडखडाटातही देव तेवढाच जवळ असतो जेवढा वेदीपुढे गुडघे टेकल्यावर, एवढंच त्याचं सांगणं.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. सावता माळ्याला विठ्ठल मळ्यात भेटला आणि जनाबाईला जात्यापाशी.

म्हणजे वेळ थोडा आहे ही अडचण नाहीच. अडचण आहे ती मालकीची.

इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात पौल वेळेविषयी एक सूचना करतो. मराठीत ती आपण 'वेळेचा सदुपयोग' अशी समजून घेतो. मूळ ग्रीक क्रियापद मात्र बाजारातलं आहे: विकत घेणं, दाम मोजून सोडवणं. ख्रिस्ताने आपल्याला सोडवलं हे गलतीकरांना सांगताना पौल हेच क्रियापद वापरतो. आणि वेळेसाठी त्याने वापरलेला शब्द आहे 'कायरोस', म्हणजे घड्याळात न मावणारा, समोर येऊन ठाकलेला प्रसंग. दोन्ही शब्द एकत्र वाचले की 'सदुपयोग' थोडा तोकडा वाटायला लागतो. सदुपयोग मी माझ्या वस्तूचा करतो; सोडवायचं असतं ते दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं. आणि सोडवायचं तर किंमत मोजावी लागते. चार मिनिटांची किंमत कोणती? मला वाटतं, त्या चार मिनिटांसाठी मी आधीच ठरवून ठेवलेला बेत. मग तो बेत रील्सचा असो की स्तोत्रांचा.

माझ्या धंद्यात एक साधं गणित आहे. सर्व्हर साठ-सत्तर टक्के कामात असेल तर नवी विनंती आली की थोड्याच वेळात तिचा नंबर लागतो. तोच सर्व्हर शंभर टक्क्यांच्या जवळ नेला की रांग थोडी वाढत नाही, भरमसाट वाढत जाते. कामं येण्याची वेळ आपल्या हातात नसते, म्हणून काही क्षमता मुद्दाम रिकामी ठेवावी लागते. ती रिकामी दिसते म्हणून काढून टाकली, तर पहिल्याच गर्दीत सगळं कोलमडतं. दिवसाचंही तसंच आहे. त्यातला प्रत्येक कोपरा पॉडकास्टने, वचनाने, जपाने भरला, तर तो दिवस धार्मिक दिसेल. पण त्या दिवसात अचानक समोर आलेल्या माणसासाठी जागा कुठे असेल?

या प्रश्नाची एक प्रसिद्ध चाचणी अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये झाली. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तिचे निष्कर्ष १९७३मध्ये प्रसिद्ध केले. तिथल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एकेक करून शेजारच्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवण्यात आलं. काहींना विषय दिला होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेतल्या गल्लीत एक माणूस दारापाशी कोसळल्यासारखा बसलेला, खोकत, कण्हत. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के. 'उशीर झालाय, पळा' असं सांगून पाठवलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे डोक्यात शोमरोन्याचा दाखला घोळत असतानाही पडलेल्या माणसाला वळसा घालून पुढे जाता येतं. वचन डोक्यात असणं आणि पाय थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मला म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि येशू त्याच्याबरोबर घाईने निघाला आहे. आजच्या भाषेत ही पी-वन इमर्जन्सी. वाटेत गर्दीतून बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली एक बाई मागून त्याच्या वस्त्राला हात लावते. ती बरी होते. काम झालेलं असतं, पुढे जायला हरकत नव्हती. पण तो थांबतो, कोण ते विचारतो, तिची सगळी हकिकत ऐकून घेतो. आणि तो बोलत असतानाच निरोप येतो की मुलगी गेली. पुढे काय होतं ते तुम्ही वाचलं असेल. मी दर वेळी याईरापाशी अडकतो. त्या दोन मिनिटांत त्याच्या मनात काय चाललं असेल? थांबणं फुकट नसतं. त्याची किंमत कधी कधी शेजारी उभा असलेला तिसराच माणूस मोजत असतो. मार्क ती गोष्ट झाकून ठेवत नाही.

थांबता यायला सराव लागतो. घंटेचा उपयोग मला इथे दिसतो. आमच्या वसईत चर्चची घंटा दिवसातून तीनदा होते: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. ती ऐकली की हातातलं काम ठेवून देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाची छोटी प्रार्थना म्हणायची. तिच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून तिला 'आंजेलुस' म्हणतात. फ्रेंच चित्रकार मिले याने एकोणिसाव्या शतकात त्याच नावाचं चित्र काढलं: बटाट्याच्या शेतात काम थांबवून मान खाली घालून उभे असलेले स्त्री-पुरुष. त्याच्याही कितीतरी आधी, पाचव्या शतकात, जॉन कॅसियनने इजिप्तमधल्या मठांबद्दल लिहिलंय की दारावर थाप पडली की पोथीची नक्कल करणारा संन्यासी हातातलं अर्धं अक्षरही पूर्ण करत नसे. अर्धवट ओळीवर कर्सर सोडून उठणं किती जड जातं हे कोड लिहिणाऱ्या कोणालाही विचारा.

प्रोसेसरमध्ये इंटरप्ट नावाची सोय असते. बाहेरून हाक आली की तो हातातल्या कामाची स्थिती जतन करतो, आलेलं काम उरकतो आणि सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतो. माझ्या आजीला हा शब्द माहीत नाही, पण ती रोझरी म्हणत असताना शेजारीण दारात आली, की ती अंगठ्याने मणी दाबून धरते. मग मीठ देणं, सुनेची तक्रार ऐकणं, दुखऱ्या गुडघ्यावरचं औषध सुचवणं, सगळं होतं. शेजारीण गेली की त्याच मण्यापासून पुढे. मधल्या वेळात प्रार्थना थांबली होती असं तिला वाटत नाही.

याच्या उलट टोकाला गोरा कुंभाराची गोष्ट आहे. तेरचा हा संत नामात इतका रंगला की चिखल तुडवताना पायाखाली आलेलं स्वतःचं तान्हं मूल त्याला दिसलं नाही. ही कथा भक्तीची थोरवी म्हणून सांगितली जाते आणि शेवटी विठ्ठल ते मूल परत देतो. मला मात्र त्यात त्याची बायको आठवत राहते. पाण्याला जाताना ती मुलाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली होती. ख्रिस्ती असो की वारकरी, छोट्या वेळातल्या स्मरणाची कसोटी मला इथेच सापडते: त्याने पायाखालचं दिसायला लागतं की दिसेनासं होतं?

काही महिन्यांपूर्वी अशाच चार मिनिटांत मी फोनवर त्या दिवसाचं स्तोत्र उघडलं होतं. टीममधला एक नवा मुलगा खुर्चीमागे येऊन उभा राहिला. कामाचं काहीच विचारायचं नव्हतं. गावाकडे वडील दवाखान्यात होते आणि सुट्टी मागावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. मी फोन उलटा ठेवला. तो बोलत होता तोवर बिल्ड फेल होऊन पडली होती, ते नंतर दिसलं. स्तोत्र त्या दिवशी राहिलंच.

बायबलच्या अ‍ॅपवर असा दिवस 'खंड' म्हणून दिसतो. सलग दिवसांचा आकडा शून्यावर येतो. या आकड्यांचा मला राग नाही. सवय लागायला त्यांची मदत होते. शिवाय मोजणं नवीनही नाही. संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात आत्मपरीक्षणाची जी पद्धत दिली, तिच्यात कागदावर रेघा आखून रोज दोनदा ठिपके मांडायचे असतात. पण ते ठिपके असतात आपण पुन्हा केलेल्या एका विशिष्ट चुकीचे. तो माणसाला त्याची घसरण मोजायला सांगतो, अ‍ॅप हजेरी मोजतं. येशूच्या दाखल्यातला परूशीही हजेरीच वाचून दाखवत होता: आठवड्यातून किती उपास, उत्पन्नाचा कितवा हिस्सा. त्याच्यामागे लांब उभ्या असलेल्या जकातदाराची प्रार्थना श्वासाएवढी होती. घरी नीतिमान ठरून गेला तो जकातदार.

आता एक आक्षेप रास्त आहे. नुसत्या तुकड्यांवर कोणतं नातं टिकतं? दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर बदाम पाठवायचे आणि कधी तासभर समोर बसायचंच नाही, असा संसार चालत नाही. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात जात असे, तेही मार्कनेच सांगितलंय. छोट्या वेळाने तो मोठा वेळ भरून निघत नाही. माझ्यापुरतं मी असं मानतो की मोठ्या वेळात ओळख होते आणि छोट्या वेळात ती ओळख लक्षात राहते. ओळखच नसेल तर लक्षात काय राहणार? म्हणून रविवारची मिस्सा आणि आठवड्यातली एक शांत सकाळ मी या हिशेबात धरतच नाही.

तुकड्यांचं म्हणाल, तर त्यातले काही मी आता रिकामेच सोडतो. वचन नाही, अ‍ॅप नाही, कानात काही नाही. एखादा शब्द मनात म्हणायचा आणि मान वर करून कोण दिसतंय ते बघायचं. बहुतेक वेळा कोणीच नसतं. लिफ्ट येते, लोकल येते. पण शोमरोनीही काही त्या जखमी माणसाला शोधायला घराबाहेर पडला नव्हता. तो प्रवासात होता आणि त्याच्याकडे थांबण्याएवढी जागा होती.