मृत्युपत्र न केलेला प्रेषित

२७ जून १८४४ च्या संध्याकाळी इलिनॉय राज्यातल्या कार्थेज गावच्या तुरुंगावर तोंडाला काळं फासलेला जमाव चालून गेला. वरच्या मजल्यावर चौघे होते. जोसेफ स्मिथ, त्याचा थोरला भाऊ हायरम, जॉन टेलर आणि विलर्ड रिचर्ड्स. हायरम दाराशीच कोसळला. जोसेफ खिडकीतून खाली पडला आणि संपला. टेलर गोळ्या खाऊनही वाचला, तर रिचर्ड्स जवळजवळ न खरचटता बाहेर आला. मॉर्मन पंथाचा संस्थापक तेव्हा ३८ वर्षांचा होता. डोक्यावर कर्ज होतं, नॉवू शहरात चर्चची जमीन कोणती आणि त्याची स्वतःची कोणती हे कागदोपत्री धड वेगळं केलेलं नव्हतं, बायको एमा गरोदर होती, घरात चार मुलं होती, आणि मृत्युपत्र नव्हतं.

मालमत्तेचं झालं तेच गादीचंही. आपल्यामागं कोण, याविषयी जोसेफ वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांपाशी वेगवेगळं बोलून गेला होता. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता, बारा जणांच्या मंडळाला अधिकार सोपवल्यासारखं केलं होतं, आणि सिडनी रिग्डन तर सल्लागार म्हणून शेजारच्या खुर्चीतच होता. जेम्स स्ट्रँग नावाचा एक जण नेमणुकीचं पत्र घेऊन उभा राहिला आणि पुढं मिशिगन सरोवरातल्या एका बेटावर त्यानं स्वतःचा राज्याभिषेकही करून घेतला.

सुरुवातीच्या मॉर्मन पुढाऱ्यांची चरित्रं वाचताना मला ती धर्मस्थापनेच्या कथेपेक्षा भाऊबंदकीच्या वाटणीसारखी वाटतात. ज्याच्या वाट्याला जे आलं, त्यातून त्यानं आपला जोसेफ उभा केला, आणि उरलेला जोसेफ नाकारला, दडवला किंवा दुसऱ्याच्या माथी मारला. जोसेफ भोंदू होता की द्रष्टा, या वादावर जवळजवळ दोनशे वर्षं शाई खर्च झाली आहे. पण जे त्याच्या अगदी जवळ होते, त्यांना हा प्रश्न असा सरळ दोन तुकड्यांत पडलाच नव्हता. त्यांचा प्रश्न होता, यातलं काय ठेवायचं?

जोसेफचा जन्म १८०५ चा, व्हरमाँटमधला. १८१६ साली भर उन्हाळ्यात हिमतुषार पडून पिकं गेली, तेव्हा हे कर्जबाजारी शेतकरी कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या पल्मायरा परिसरात आलं. पोरगा शेतमजुरी करायचा आणि जोडीला एक खास दगड घेऊन जमिनीत पुरलेलं धन शोधून द्यायचा. त्यावरून १८२६ मध्ये त्याला दंडाधिकाऱ्यापुढं उभंही राहावं लागलं. दुसऱ्याच वर्षी एमा हेलनं वडिलांचा विरोध डावलून त्याच्याशी लग्न केलं. मग देवदूताकडून मिळाल्याचं तो सांगे ते सोन्याचे पत्रे, त्यांवरून सांगितलेला 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ, आणि ६ एप्रिल १८३० ला चर्चची स्थापना. ग्रंथाच्या ५,००० प्रतींच्या छपाईसाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्यानं जमीन गहाण टाकली होती. पुढच्या वर्षी त्याला १५१ एकर विकावे लागले. या पंथात श्रद्धेची किंमत पहिल्या दिवसापासून सातबाऱ्यावर दिसते.

ऑलिव्हर काउडरी हा शाळामास्तर. जोसेफ टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड खुपसून मजकूर सांगायचा, तो बहुतेक यानंच उतरवून घेतला. हॅरिस, काउडरी आणि डेव्हिड व्हिटमर या तिघांनी 'देवदूतानं आम्हाला पत्रे दाखवले' अशी साक्ष दिली, आणि ती आजही ग्रंथाच्या आरंभी छापतात. १८३८ पर्यंत हे तिघंही चर्चबाहेर होते. काउडरीचं बिनसलं ते दोन गोष्टींवरून. घरात कामाला असलेल्या फॅनी अल्जर या मुलीशी जोसेफचे संबंध होते, त्याविषयी काउडरीनं भावाला लिहिलेल्या पत्रात अत्यंत किळसवाणे शब्द वापरले. दुसरं कारण मला अधिक बोलकं वाटतं. स्वतःची जमीन कुणाला आणि कधी विकायची हे धर्मसत्तेनं सांगू नये, असं त्यानं मंडळाला लेखी कळवलं. ज्यानं देवदूत पाहिल्याची ग्वाही दिली, त्याला खरेदीखतात मात्र देवाचा प्रतिनिधी नको होता.

आता गंमत अशी, की तिघांपैकी एकानंही साक्ष मागं घेतली नाही. मागं घेतली असती तर फायदाच होता. बाहेर पडल्यावर काउडरी वकिली करत होता, निवडणुकीला उभा राहिला होता, आणि 'सोनेरी ग्रंथवाला' म्हणून टिंगलही सोसत होता. १८४८ मध्ये तो पुन्हा बाप्तिस्मा घेऊन परतला, पण पश्चिमेला, यूटात गेलेल्या चर्चकडे जाण्याआधीच १८५० मध्ये मिसुरीत वारला. हॅरिस म्हातारपणी, १८७० मध्ये यूटाला गेला. व्हिटमर कधीच परतला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. ग्रंथ खरा, माझी साक्ष खरी, आणि जोसेफ पुढं वाट चुकला. १८८७ मध्ये त्यानं हे पुस्तिकेत छापून टाकलं. सश्रद्धांना आणि टीकाकारांना सारखाच अडचणीत टाकणारा हा माणूस. छपाईसाठी केलेली ग्रंथाची हस्तलिखित प्रत काउडरीकडून त्याच्याकडे आली होती. १८७८ मध्ये यूटाहून चर्चचे दोन नेते ती मिळते का पाहायला आले, त्यांना त्यानं नकार दिला. मूळ हस्तलिखिताचं नशीब आणखी वाईट. ते जोसेफनंच १८४१ मध्ये नॉवूतल्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवलं होतं. १८८२ मध्ये कोनशिला उघडली तेव्हा पाण्यानं बरीच पानं कुजून गेली होती.

ती कोनशिला उघडणारा माणूस एमाचा दुसरा नवरा, लुईस बिडामन.

एमाची गोष्ट मॉर्मन इतिहासात सर्वांत अवघड, आणि म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १८३९ च्या फेब्रुवारीत मिसुरीतून हाकललं गेल्यावर ती गोठलेली मिसिसिपी नदी ओलांडून आली तेव्हा जोसेफ लिबर्टीच्या तुरुंगात होता. त्यानं केलेल्या बायबलच्या सुधारित पाठाची हस्तलिखितं कापडी पिशव्यांत घालून तिनं झग्याखाली बांधली होती. नॉवूत १८४२ मध्ये स्त्रियांची 'रिलीफ सोसायटी' निघाली, ती पहिली अध्यक्ष झाली. कवयित्री एलायझा स्नो ही चिटणीस. अध्यक्षीणबाई एकाहून अधिक लग्नांच्या कुजबुजीवर जाहीरपणे तोफा डागत होत्या, आणि त्याच वर्षी चिटणीसबाईंचं अध्यक्षांच्या नवऱ्याशी गुपचूप लग्न झालं होतं. हे कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, फार झालं.

१८४३ च्या मे महिन्यात एमानं पार्ट्रिज घराण्यातल्या दोन बहिणींच्या लग्नाला संमती दिली, आणि लवकरच ती फिरवली. १२ जुलैला जोसेफनं बहुपत्नीत्वाविषयीचा साक्षात्कार सांगितला, विल्यम क्लेटननं तो उतरवून घेतला. हायरमला खात्री होती, आपण वाचून दाखवला की वहिनी ऐकेल. तो कागद घेऊन गेला आणि परत आला तो असं म्हणत, की आयुष्यात इतकं कुणी बोललं नव्हतं. एमाचा त्यातल्या एका शब्दावर विश्वास बसला नाही, अशी नोंद क्लेटननं रोजनिशीत केली. तो कागद पुढं नष्ट झाला. पण त्याआधीच जोसेफ किंग्सबरी नावाच्या कारकुनानं त्याची नक्कल करून ठेवली होती. यूटाचा पुढचा सगळा इतिहास त्या नकलेवर उभा आहे.

नवरा गेल्यावर एमा नॉवूतच राहिली. म्हाताऱ्या सासूला तिनं शेवटपर्यंत सांभाळलं. १८४७ मध्ये बिडामनशी लग्न केलं, तेही २३ डिसेंबरला, जोसेफच्या वाढदिवशी. बिडामनला पुढं दुसऱ्या एका स्त्रीपासून मुलगा झाला. तो एमानं आपल्या घरात वाढवला, त्या आईला घरात काम दिलं, आणि मरताना नवऱ्याला सांगितलं की आता हिच्याशी रीतसर लग्न कर. अशी ही बाई १८७९ मध्ये मुलाच्या प्रश्नांना उत्तर देताना ठामपणे सांगते, की तुझ्या वडिलांना माझ्याशिवाय बायको नव्हती. हे खरं नव्हतं. आज यूटाचं चर्चसुद्धा जोसेफच्या तीसहून अधिक लग्नांची शक्यता अधिकृतपणे मान्य करतं, त्यातली एक मुलगी १४ वर्षांची होती. एमा खोटं बोलली असं म्हणून थांबणं सोपं आहे. मला दिसतं ते असं, की तिनं आपला वाटा निवडला होता. ग्रंथ, मुलं, आणि एका बायकोचा नवरा. बाकीचं तिनं घरात येऊ दिलं नाही. त्याच मुलाखतीत ती सांगते, की तेव्हाच्या जोसेफला धड एक पत्र रचता येत नव्हतं, म्हणून ग्रंथ दैवीच. जी पत्नी नवऱ्याविषयी एका विषयावर सर्वांत कमी विश्वासार्ह, तीच दुसऱ्या विषयावर श्रद्धावंतांची सर्वांत मोलाची साक्षीदार.

ब्रिगम यंगच्या वाट्याला माणसं आली. हा सुतार आणि रंगारी, शाळेत अगदी थोडे दिवस गेलेला. ८ ऑगस्ट १८४४ च्या सभेत रिग्डन दीड तास बोलला, मग ब्रिगम बोलला, आणि लोकांनी बारा जणांच्या मंडळाच्या बाजूनं हात वर केले. त्या दिवशी ब्रिगमच्या चेहऱ्यात आणि आवाजात जोसेफ दिसला, अशा कितीतरी आठवणी पुढं लिहिल्या गेल्या. त्या दिवसांतल्या रोजनिश्यांत मात्र चमत्काराची स्पष्ट नोंद सापडत नाही. २४ जुलै १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे पाहून आजारी ब्रिगम 'हीच ती जागा' म्हणाला, हे वाक्यही विल्फर्ड वुडरफनं जाहीरपणे सांगितलं ते १८८० मध्ये. ज्याच्या गाडीत ब्रिगम झोपला होता तो वुडरफ रोजच्या रोज लिहिणारा माणूस, पण त्या दिवसाच्या पानावर हे वाक्य नाही. वारसाला दंतकथा लागते. ती उशिरा मिळाली तरी चालते.

ब्रिगमनं काय ठेवलं, काय टाकलं? मंदिरातले विधी ठेवले, बहुपत्नीत्व ठेवलं, जोसेफच्या काही विधवांशी स्वतः लग्नंही केली. एलायझा स्नो त्यांपैकीच, आणि सोसायटीचं इतिवृत्त तिनं नॉवूहून सोबत नेलं होतं. पण सोसायटी ब्रिगमनं १८४५ मध्येच बंद पाडली, ती नीट उभी राहायला बरीच वर्षं जावी लागली. त्या इतिवृत्तात जोसेफ स्त्रियांच्या हाती किल्ली सोपवत असल्याचे शब्द आहेत. छापील इतिहासात ते असे बदलले, की किल्ली पुन्हा पुरुषांच्याच हाती राहिली. जोसेफच्या काळात, १८३६ मध्ये, एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला पुरोहितपद मिळालं होतं. ब्रिगमनं १८५२ मध्ये कृष्णवर्णीयांना ते बंद केलं, आणि ही बंदी थेट १९७८ मध्ये उठली.

त्याच १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकला एक अधिवेशन भरलं. देशोदेशी धर्मप्रचारक पाठवायचं ठरलं, त्यांत हिंदुस्थानही होता. लगोलग ऑर्सन प्रॅटनं व्यासपीठावरून बहुपत्नीत्व जाहीर केलं. म्हणजे प्रचारकांच्या हाती शिदोरीबरोबर सुरुंगही दिला. याच सुमारास ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला, आणि पुण्याच्या लष्कर भागात त्यानं मुख्यतः गोऱ्या सैनिकांचा एक छोटा गट जमवला. काही वर्षांतच हे हिंदुस्थानातलं काम गुंडाळलं गेलं.

ब्रिगमच्या हिशेबातली सर्वांत काळी नोंद ११ सप्टेंबर १८५७ ची. माउंटन मेडोज इथं मॉर्मन सैन्यदलानं सुमारे १२० प्रवाशांना, शरण आल्यावर, कापून काढलं. फक्त तान्ही-लहान मुलं सोडली. प्रवाशांना जाऊ द्या, असं ब्रिगमचं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं. पत्र खरं आहे. पण त्याआधीचे कित्येक महिने व्यासपीठावरून पेटवलेला वणवा पत्रानं विझत नसतो, आणि पुढं वीस वर्षं एकट्या जॉन ली या दत्तकपुत्राच्या डोक्यावर सगळं येऊन १८७७ मध्ये त्याच जागी त्याला गोळ्या घातल्या गेल्या, यात ब्रिगमचं मौन मोजावंच लागतं.

बहुपत्नीत्वाचा वाटा मात्र शेवटी सरकारनंच हिसकावला. जॉर्ज रेनॉल्ड्सच्या खटल्यात १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं श्रद्धा आणि कृती वेगळ्या केल्या. एखाद्या स्त्रीनं धर्म म्हणून नवऱ्याच्या चितेवर जायचं ठरवलं तर सरकारनं अडवू नये काय, असा सरन्यायाधीश वेट यांचा युक्तिवाद. यूटातल्या लग्नांचा निकाल सतीच्या दाखल्यानं लागला! १८८७ च्या कायद्यानं चर्चची मालमत्ताच जप्तीत आली. त्याच वर्षी, कार्थेजमधून वाचलेला जॉन टेलर अध्यक्षपदी असताना भूमिगत अवस्थेत वारला. १८९० मध्ये टेलरनंतर अध्यक्ष झालेल्या वुडरफनं नवी लग्नं थांबवत असल्याचं जाहीर केलं. चर्चच्या ऐहिक रक्षणासाठी हे करणं भाग आहे, अशी नोंद त्यानं रोजनिशीत केली. देवाच्या आज्ञेशेजारी जप्तीचा कागद ठेवून लिहिलेली इतकी प्रामाणिक नोंद मला दुसरी आठवत नाही. तरी काही नेते १९०४ च्या दुसऱ्या जाहीरनाम्यापर्यंत चोरून लग्नं लावतच राहिले.

एमाचा थोरला मुलगा १८६० मध्ये वेगळ्या चर्चचा अध्यक्ष झाला होता. ते चर्च आज 'कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट' म्हणून ओळखलं जातं. व्हिटमरच्या वारसांनी छपाईसाठीची ती हस्तलिखित प्रत १९०३ मध्ये या चर्चला २,४५० डॉलरला विकली. २०१७ मध्ये यूटाच्या चर्चनं ती साडेतीन कोटी डॉलर मोजून घेतली. २०२४ च्या मार्चमध्ये आणखी १९ कोटी २५ लाख डॉलरला कर्टलँडमधलं पंथाचं पहिलं मंदिर, नॉवूतली स्मिथ कुटुंबाची घरं आणि एमानं झग्याखाली वाहून आणलेली ती हस्तलिखितं यूटाच्या ताब्यात गेली. १८६६ च्या भर अधिवेशनात ब्रिगमनं एमाला जगातल्या सर्वांत खोटारड्या माणसांत काढलं होतं, तिच्या पिशव्यांतला ऐवज आता त्याच्याच वारसांकडे आहे. विकणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र यादीत घातली नव्हती. त्यांच्या चर्चमध्ये १९८४ च्या निर्णयानुसार स्त्रियांनाही पुरोहितपद मिळतं, विकत घेणाऱ्यांच्या चर्चमध्ये ते अजून मिळत नाही.