हवापालटाच्या घरांचा जमाखर्च

खंडाळ्याच्या घाटातून 1863 साली रेल्वे धावू लागली आणि राहत्या घराखेरीज हवापालटाचे एक दुसरे घर आपल्याला असावे असे मुंबईच्या धनिक वर्गास जे वाटू लागले, ते आजतागायत वाटतच आहे. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत महाबळेश्वरी गोऱ्या अधिकाऱ्यांची वसाहत त्याआधीच वसली होती. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना माथेरानचा शोध लागला (तेथे पिढ्यानुपिढ्या वावरणाऱ्या ठाकर-धनगरांच्या दृष्टीने ते कधी हरवलेले नव्हते, ही गोष्ट वेगळी). आणि आज पवनेचे काठ, अलिबागच्या वाड्या, गोव्यातील आसगाव-शिवोली येथपर्यंत ही हौस पसरली आहे. या घरांच्या किमतींविषयी वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. परंतु असे घर ताब्यात ठेवण्यास दरसाल काय पडते, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. घेणाऱ्यास ते ठाऊक नसते, आणि विकणाऱ्यास पुरेपूर ठाऊक असल्यामुळेच तो गप्प राहतो. माझे म्हणणे असे की, या घरांची खरेदी-विक्री किमतीवर चालते असे वरवर दिसले, तरी कोण विकणार, केव्हा विकणार आणि गिऱ्हाइकाची किती काळ वाट पाहणार, याचा निवाडा हा न बोलला जाणारा खर्चच करीत असतो.

या खर्चाचा पहिला आणि सर्वांत निष्ठुर वसूलदार म्हणजे पाऊस. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळाही त्या बाबतीत फारसे मागे नाही, आणि नेमक्या पावसाच्या चार महिन्यांत मालक मुंबई-पुण्यास असतो व घर एकटे भिजत असते. जुने बंगले बांधणाऱ्यांना याची जाणीव होती. कौलांची उतरती छपरे, रुंद व्हरांडे, पावसाच्या बाजूने गवताच्या ताट्या लावून भिंती झाकून घेण्याची सालाबादची रीत आणि मृगापूर्वी घर शाकारण्याचा नेम, या सर्वांमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा जमाखर्चाची वहीच अधिक होती. आजचा व्हिला मात्र छायाचित्रात शोभावा अशा बेताने सपाट स्लॅबचा, भिंतीभर काचेचा आणि पोहण्याच्या तलावासह बांधलेला असतो. सपाट छपरावर पाणी तुंबते, काचेच्या चौकटींतून झड आत शिरते, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ओल धरते, आणि दिवाळीत कुटुंब येते तेव्हा गाद्यांना बुरशीचा वास येत असतो. समुद्रकाठी हेच काम खारी हवा अधिक शांतपणे करते: फाटकाच्या बिजागऱ्या, वातानुकूलन यंत्राचा बाहेर टांगलेला भाग, स्लॅबमधील सळया, सर्वांवर तिचा हात फिरतो. तलावाची तर आणखी एक गंमत अशी की, त्यात कोणी पोहो वा न पोहो, पाणी गाळण्याचा पंप चालवावाच लागतो. न चालवल्यास आठ-दहा दिवसांत निळ्याचे हिरवे होते.

माथेरानचे उदाहरण या संदर्भात विशेष बोधक आहे. मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे मज्जाव असल्यामुळे तेथील शांतता टिकली आणि त्या शांततेनेच बंगल्यांना मोल आले. परंतु त्याच मज्जावामुळे सिमेंटचे प्रत्येक पोते आणि प्रत्येक कौल घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर घालून वर न्यावे लागते, म्हणजे ज्या कारणाने घराची किंमत वाढते त्याच कारणाने त्याची दुरुस्तीही महाग होते. निसर्गाचा कोप हा आणखी एक खर्च आहे, आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, छपरे उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे पुष्कळ मालकांना आपले घर उभे आहे की नाही हे रखवालदाराने फोनवर सांगितले तेव्हाच कळले. हा रखवालदार, माळी किंवा केअरटेकर, काहीही म्हणा, घरात बाराही महिने राहणारा एकमेव मनुष्य असतो. कोणत्या भिंतीतून पाणी येते, विहिरीचा झरा कोणत्या महिन्यात आटतो आणि मागील धनी का विकून गेला, हे त्याला अचूक माहीत असते; आणि खरेदीच्या वाटाघाटीत ज्याला कोणी प्रश्न विचारत नाही असा मनुष्यही तोच.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एखाद्या बंगल्याची किंमत 5 कोटी रुपये आहे. हीच रक्कम बँकेत 7 टक्क्यांनी ठेवली असती तर दरसाल 35 लाख व्याज आले असते, ते बुडाले. रखवालदाराचा पगार, वीज, रंग, गळती-बंदिस्ती, बाग, विमा, घरपट्टी असे मिळून वर्षाला 10 लाख धरले, तर वर्षाचा बोजा 45 लाखांवर जातो. कुटुंब वर्षातून 30 रात्री तेथे झोपले (आणि ही संख्या मी उदारपणे धरतो आहे), तर एका रात्रीची झोप दीड लाखाला पडते, आणि एवढ्या पैशात कोणतेही उत्तम हॉटेल मालकाच्या पायाशी लोळण घेईल.

यावर उत्तर ठरलेले असते: 'अहो, पण भाव वाढतो ना!' वाढतो खरा. परंतु कशाचा वाढतो ते पाहिले पाहिजे. जमीन वाढते, इमारत झिजते. दोन एकरांच्या आवारातील खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यात मोलाचा मोठा भाग जमिनीचा असतो. उद्या तो बंगला पडला तरी मालकाचे फारसे बिघडत नाही. नव्या बंदिस्त वसाहतीतील व्हिलात मात्र पैशाचा मोठा भाग काच, इटालियन संगमरवर आणि तलाव यांत गुंतलेला असतो, आणि जमिनीचा पुष्कळदा केवळ अविभक्त हिस्साच वाट्याला येतो. पाच कोटींपैकी जमीन दोन कोटींची असेल आणि तिचा भाव दरसाल 5 टक्क्यांनी वाढत असेल, तर वाढ 10 लाखांची, म्हणजे कशीबशी देखभालीपुरती. व्याजाचे 35 लाख आणि इमारतीची झीज कोणत्या खात्यातून भरून निघणार?

खर्चाचे भांडवलात रूपांतर करून पाहण्याची सवय व्यापारी माणसास असते, पण हवापालटाचे घर घेताना तोही ती घरी ठेवून येतो. दोन बंगले सारखेच, परंतु एकाची देखभाल दरसाल 2 लाखांनी अधिक, असे असेल, तर 7 टक्क्यांच्या दराने त्या 2 लाखांच्या मागे सुमारे 28 लाखांचे भांडवल उभे आहे, आणि तितक्याने त्याची किंमत कमी असावयास हवी. प्रत्यक्षात उलट घडते: जास्त खर्चाचा बंगलाच अधिक देखणा असतो आणि जास्त भावाने जातो. पहिली खरेदी डोळ्यांनी होते. दुसऱ्यांदा तेच घर बाजारात येते तेव्हा मात्र गिऱ्हाईक वीजबिल मागते, वसाहतीचे मासिक देखभाल-शुल्क विचारते, आणि अपेक्षित भाव व आलेला भाव यांत दरी पडते. एक-दोन पावसाळे काढलेल्या घरांच्या जाहिराती महिनोन्‌महिने झळकत राहतात, त्याचे कारण बहुतांशी हेच आहे.

सरकारची भूमिकाही येथे विचारात घ्यावी लागते. आपल्याकडे दारातून आत जाताना आणि बाहेर पडताना भरपूर द्यावे लागते, आत बसून राहणाऱ्यास मात्र जवळजवळ काही द्यावे लागत नाही. खरेदीखतावर मुद्रांकशुल्क, नोंदणी फी, फेरफार. विकताना दीर्घकालीन नफ्यावर कर, जो 23 जुलै 2024 पासून साडेबारा टक्के झाला आणि त्याबरोबर महागाई-निर्देशांकाची सवलत गेली (त्याआधी खरेदी केलेल्या घरांपुरती निवासी व्यक्तींना जुन्या रीतीने 20 टक्के देण्याची मुभा आहे). यात एक बारकावा आहे: घरात केलेली सुधारणा नफ्यातून वजा होते, परंतु नेहमीची डागडुजी होत नाही, म्हणजे वीस वर्षे पावसाला जे दिले ते कराच्या दप्तरी दिलेच नाही असे समजले जाते. उलट बाळगण्यावर कर नाममात्र. ग्रामपंचायतीची घरपट्टी किरकोळ असते, आणि पूर्वी दुसऱ्या घरावर जो काल्पनिक भाड्याचा प्राप्तिकर बसे, तोही 2019-20 या वर्षापासून दुसऱ्या घरापुरता सुटला. दारातील खर्चाचा प्रभाव किती असतो ते करोनाच्या वर्षी दिसले: महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुद्रांकशुल्क 3 टक्क्यांनी उतरवले आणि नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. याच सुमारास भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू; प्रवासाचा वेळ हाही मालकीचा खर्चच असतो, तो उतरला की अलिबागचे दलाल भाव चढवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

कराच्या हिशेबी बाळगणे स्वस्त आणि विकणे महाग, म्हणून मालक विकत नाही. तो वापरतही नाही. मग विक्री होते तरी केव्हा? माझ्या पाहण्याप्रमाणे मोठी दुरुस्ती अंगावर येते तेव्हा, किंवा मालक जातो तेव्हा. वारसांपैकी एक पुण्यात, एक न्यू जर्सीत, एक दुबईत. छप्पर बदलण्याचे 20 लाख कोणी किती द्यावयाचे यावर एकमत होत नाही, आणि जे प्रेमाने एकत्र राखावयाचे ते भांडण टाळण्यासाठी विकावे लागते. गोव्यात तर 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा असल्यामुळे पती-पत्नींची समाईक मालकी आणि मुलांचा सक्तीचा हिस्सा यांतून एका घराला दहा-पंधरा सह्या लागतात. त्यांतील काही लिस्बनला, काही टोरँटोला. घर सर्वांचे असते, म्हणून दुरुस्ती कोणाचीच नसते. सह्या जुळेपर्यंत वासे वाळवीने खाल्लेले असतात, आणि दिल्ली-मुंबईचा खरेदीदार जे घेतो ते घर नसून त्याच्या आठवणीसह जमीन असते. महाबळेश्वर-माथेरानास पुष्कळ भूखंड सरकारी भाडेपट्ट्याचे. तेथे पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि शर्तभंगाची नोटीस या धास्तीपायी मालक नवे छप्पर घालण्यासही कचरतो.

एकट्या बंगल्याचा हा बोजा वाटून घ्यावा या कल्पनेतून वसवलेल्या नगऱ्या निघाल्या: रस्ते, पाणी, पहारा सर्व कंपनी पाहणार, रहिवाशाने मासिक शुल्क द्यावे. लवासाने या कल्पनेची परीक्षा घेतली. नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. ज्यांनी घरे घेतली होती त्यांना तेव्हा कळले की आपण केवळ घर विकत घेतले नव्हते, तर एका कंपनीच्या आयुष्यावर भरवसा ठेवला होता. आंबी व्हॅलीच्या लिलावाची कथा 2017 ची: सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 37,392 कोटींच्या किमान किमतीवर ती विक्रीस काढली गेली आणि योग्य गिऱ्हाईक मिळाले नाही. कारणे अनेक असतील, त्यांत मालमत्तेवरील वाद प्रमुख असेल. तथापि एवढ्या नगरीचे रस्ते, बंधारे आणि धावपट्टी दरसाल सांभाळण्याचा खर्च ज्याने मनात मांडला असेल, त्याचा हात लिलावात वर गेला नसणार.

भाड्याने देऊन खर्च काढण्याचा मार्ग अलीकडे फार सांगितला जातो. तो काहींना लागू पडतो. परंतु चादरी, न्याहारी आणि पाहुण्यांच्या तक्रारी यांत गुंतलेला मालक हवापालटास आलेला नसून खानावळ चालवण्यास आलेला असतो.

मला एक साधी सुधारणा सुचते. साठेखताला ज्याप्रमाणे टायटलचा सर्च रिपोर्ट जोडतात, त्याप्रमाणे मागील पाच वर्षांची वीजबिले, दुरुस्तीच्या पावत्या, वसाहतीच्या शुल्काची थकबाकी आणि रखवालदाराच्या पगाराचा तपशील जोडण्याची प्रथा पडावी. विक्रेते राजी होणार नाहीत, असे एका वकील स्नेह्यांचे मत आहे. मला तसे वाटत नाही. ज्याने घर नीट राखले आहे त्याला ती वही दाखवून चार पैसे अधिक मागता येतील, आणि दाखवण्यास जो नाकारील त्याच्याशी घासाघीस कोठून सुरू करावी हे गिऱ्हाइकास कळेल. प्रथा पडेपर्यंत गिऱ्हाइकाने निदान एवढे करावे की, घर एप्रिलात न पाहता जुलैच्या अखेरीस पाहावे, आणि मालक हजर नसताना माळ्याबरोबर चहा घ्यावा. दलाल म्हणतो, त्या दिवसांत घाटात दरडी पडतात, रस्ता धड नसतो. आणि ते बहुधा खरेही असते.