क्वार्टर नसलेली गाडी

कराड आगारातून निवृत्त झालेले एक एसटी चालक लेकीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला गेले. शनिवारी लेक आणि नातीबरोबर बाजाराला जायचं, एवढाच काय तो उद्योग.

आल्डी नावाच्या दुकानात सामानाची गाडी साखळीने अडकवलेली असते. पंचवीस सेंटांचं नाणं, म्हणजे क्वार्टर, घातलं की सुटते. परत नेऊन अडकवली की नाणं हातात. त्यामुळे तिथे एकही गाडी बेवारस दिसत नाही. साखळी वाईट नव्हे, पायांना वळण लागतं.

पलीकडच्या दुकानात साखळी नव्हती. गाड्या गवतात, झाडाला टेकलेल्या, दोन मोटारींच्या मधे. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ही ढकलगाडी दुकानात आणली, तेव्हा गिऱ्हाइकं तिला हात लावीनात. शेवटी त्याने पगार देऊन माणसांकडून ती दुकानभर फिरवून घेतली. आता पगारी माणसं लागतात ती गाड्या गोळा करायला!

त्या शनिवारी अपंगांसाठी राखलेल्या जागेशेजारी, पट्टे मारलेल्या भागात एक गाडी आडवी पडली होती. आजोबा तिकडे निघाले.

"बाबा, त्यासाठी त्यांनी पोरगा ठेवलाय," लेक म्हणाली.

पोरगा होता खरा. पार दुसऱ्या टोकाला, बोचऱ्या वाऱ्यात, गाड्यांची लांबलचक माळ ढकलत होता.

नात मागे धावली. "आजोबा, हिच्यात क्वार्टर नसतो!"

"ठाऊक आहे. आल्डीत मी माझं नाणं आणायला जातो, गाडी आपसूक जागेवर लागते. हिला नेलं, तर ते खरं नेणं."

गाडी रांगेत लावून ते वळतात तोच एक व्हॅन आली. दार सरकलं, रॅम्प त्याच पट्ट्यांवर उतरला. व्हीलचेअरवरच्या बाई बाहेर आल्या आणि यादी वाचत दुकानात शिरल्या.

"थँक यूसुद्धा म्हणाल्या नाहीत!"

"कशाबद्दल म्हणतील? त्यांना जागा मोकळीच दिसली."

नातीला हे काही पटलं नाही. गाल फुगवूनच तिने गवतातली एक गाडी ओढून काढली. तिचं एक चाक वाकडं. गाडी सारखी डावीकडे पळे.

"उजवीकडे दाबून धर," आजोबा मागून ओरडले, "आणि हिला आरसा नाही, वळताना मागे बघ!"