अळमीचा ठावठिकाणा

जे पाहिले ते लिहून ठेवावे आणि जे लिहिले ते सर्वांना खुले करावे, ही दोन तत्त्वे आजच्या ज्ञानव्यवहारात इतकी एकजीव झाली आहेत की त्यांच्यात काही अंतर असू शकते हेच आपण विसरलो आहोत. रानातील अळंब्यांची नोंद करण्याचा छंद अलीकडे सामान्य नागरिकांत रुजू लागला आहे. त्या निमित्ताने हे अंतर पुन्हा तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या छंदाची थोरवी मान्य केली पाहिजे. २०१७ साली हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग या अभ्यासकांनी पृथ्वीवरील कवकांच्या जाती २२ ते ३८ लक्ष असाव्यात, असा अंदाज वर्तविला. नाव मिळालेल्या जाती मात्र दीड लक्षाच्या आसपासच आहेत. एवढे काम मूठभर प्राध्यापकांच्या हातून होणे नाही. इंग्लंडमधील सॉल्झबरीचे एडवर्ड गेंज हे व्यवसायाने पाथरवट. १९५० ते २००५ या काळात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी आपल्या परिसरात हिंडून कोणती अळंबी कोणत्या दिवशी दिसली हे टिपले. ३१५ जातींच्या ५२ हजारांवर नोंदी साठल्या. त्यांचे पुत्र ॲलन गेंज यांनी सहकाऱ्यांसह त्यांचा अभ्यास करून २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की, शरद ऋतूतील अळंब्यांचा सरासरी ३३ दिवसांचा हंगाम ७५ दिवसांपर्यंत लांबला आहे. बदलत्या हवामानाची ही साक्ष एका पाथरवटाच्या वहीने दिली. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या निष्कर्षाला मुख्य आधार होता तो जातीचा आणि तारखेचा. अमुक अळंबी नेमकी कोणत्या झाडाखाली उगवते, हे जगाला सांगण्याची गरज त्यासाठी पडली नाही.

आता अशीच वही घेऊन आपण गोव्यातील सत्तरीच्या रानात जाऊ. पावसाळ्यात तेथे रोयणीवर, म्हणजे वारुळावर, अळमी उगवते. शास्त्रात तिचे नाव टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळाच्या पोटात या कवकाची अक्षरशः शेती करते; एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. नवे वारूळ वसविणाऱ्या वाळवीला या कवकाचे बीजाणू बहुधा बाहेरूनच, उमललेल्या अळमीपासून, मिळवावे लागतात. म्हणजे सगळ्या कळ्या खुडल्या किंवा वारूळच खणले, तर हानी केवळ यंदाच्या हंगामापुरती राहत नाही. ज्या वारुळात गोमंतकीय माणूस सातेरीचे रूप पाहतो, त्याच्याच पोटातून हे अन्न वर येते. कोणत्या रोयणीवर कोणत्या पावसानंतर अळमी येते, हे ज्ञान गावातील काही घरांपाशी असते. पानात बांधून शेकड्याच्या हिशेबाने ती विकली जाते आणि त्या थोड्या दिवसांत त्या घरांना चार पैसे मिळतात.

अशा घरातील एखाद्या बाईने विश्वासाने आपली रोयण आपल्याला दाखविली, आणि आपल्या हातातील भ्रमणध्वनीने तिचे अक्षांश-रेखांश आपोआप टिपून घेतले, तर ते जगाला सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? नोंद हे निरुपद्रवी कृत्य आहे, असे उत्तर कोणी देईल. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे सरकारी दप्तरात काढलेल्या आमच्यासारख्याला ते पटणे कठीण आहे. ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर ज्याचे नाव चढले तो कूळ ठरला, ज्याचे चढले नाही, त्याची तीन पिढ्यांची वहिवाट साक्षीपुराव्यांत अडकून पडली. नोंद वस्तुस्थिती केवळ दाखवीत नाही, ती घडवितेही. कोणाच्या हाती काही देते, कोणाच्या हातून काही काढून घेते.

परंतु गुप्ततेचा पक्षही निर्दोष नाही. जांभ्या दगडाची चिरेखाण किंवा रस्त्याचे रुंदीकरण येते, तेव्हा कागदावर ती जागा ‘पडीक’ असते. ज्याची कोठेच नोंद नाही, त्याच्या बाजूने हरकत कोणत्या आधारावर घ्यावयाची? केवळ मौन पाळून कोणतीही रोयण वाचत नाही.

मग मार्ग कोणता? नोंद आणि प्रसिद्धी ही दोन कृत्ये आहेत हे ओळखणे, एवढाच. नोंद पूर्ण करावी: तारीख, पाऊस, वारूळ, भोवतालची झाडे, नेमकी जागा. प्रसिद्धी मात्र मापाने करावी. २००८ साली सुरू झालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’ या व्यासपीठावर संकटग्रस्त जातींचे ठिकाण मुद्दाम सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात मोघम करून दाखविले जाते. इतर जातींबाबत नोंद करणाऱ्यालाही तसे करता येते. आपल्याकडे २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली आहे. नेमकी जागा गावाच्या स्वाधीन राहावी आणि जगाला गावाचे नाव कळावे, हा आम्हांस न्याय्य विभाग वाटतो.

यावर आक्षेप येईल की, अर्धे सांगणे म्हणजे असत्यच नव्हे काय? आमच्या मते सत्याचा भंग खोटे लिहिल्याने होतो. जातीची खात्री नसता पुस्तकातील जवळचे नाव ठोकून देणे हा भंग आहे, आणि त्या नावावर विसंबून कोणी ती अळंबी खाल्ली तर तो जीवघेणाही ठरू शकतो. ठिकाण मोघम ठेवणे हा भंग नव्हे. मात्र ते हेतुतः मोघम ठेवले आहे, हे नोंदीत स्पष्ट लिहिलेले असावे.

राहता राहिला प्रश्न संमतीचा. रोयण दाखविणारी बाई ‘लिहू नका’ म्हणाली, तर ती रोयण आपल्या वहीत येणार नाही, शास्त्राला ती कळणार नाही, आणि कदाचित दोन वर्षांनी तेथे चिऱ्याची खाणही होईल. ही किंमत लहान नाही. म्हणून विचारताना आपण तिला नोंदीचा धोका सांगावा, तसाच नोंद नसण्याचाही धोका समजावून द्यावा. त्यानंतर जे ती म्हणेल ते मानावे. ती रोयण तिला आपल्या वहीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.