साडी दिली, मजुरी राहिली

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील न्याय व शांती समितीने वाड्यांवर काम करणाऱ्या आदिवासी भगिनींना साड्या वाटल्या. साडीबरोबर पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ आणि मुलांसाठी घरी केलेल्या नेवऱ्यांची पिशवी होती. मिस्सानंतर चर्चच्या आवारातच कार्यक्रम झाला. फोटो निघाले. कार्यक्रम चांगला झाला, असेच सर्वांचे मत पडले.

तीन राजांचा सण झाला आणि त्याच आठवड्यात एका वाडीत, मोगऱ्याच्या ओळींत शिरण्याआधी, त्यांतल्याच काही भगिनी थांबल्या. "शेट, रोज पन्नास रुपयांनी वाढवा," एवढेच त्यांनी म्हटले. एसटीचे तिकीट वाढले, तांदूळ वाढला, हेही सांगितले. संध्याकाळपर्यंत ही बातमी दहा घरांत पोहोचली. "एवढे दिले तरी यांचे समाधान नाही." "कुणीतरी शिकवून पाठवले असणार." "कालपर्यंत वाडीत कशी शांतता होती!" असे बोलणाऱ्यांत आम्ही समितीचे सभासदही होतो, हे आधीच कबूल करतो. आम्ही सात जण. त्यांपैकी पाच जणांच्या वाड्यांवर याच भगिनी कामाला येतात.

त्या तिसऱ्या वाक्याने आम्हाला पुढे बरेच दिवस छळले. कालपर्यंत वाडीत होती ती खरोखरच शांतता होती काय? पन्नास रुपये कमी पडतात हे त्यांना डिसेंबरातही ठाऊक होते, नोव्हेंबरातही होते. तोंडातून शब्द निघाला नव्हता एवढेच. एकाने गप्प राहावे आणि दुसऱ्याने त्या गप्प राहण्याला शांतता म्हणावे, तर ती शांतता कोणाची?

आमच्या समितीच्या नावात न्याय आणि शांती हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. त्यांची जोडी १९६७ साली जमली. त्या वर्षी पोप सहावे पॉल यांनी रोममध्ये न्याय व शांतीसाठी आयोग स्थापन केला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७२ च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात, शांतता हवी असेल तर आधी न्यायासाठी राबावे लागेल हाच विषय त्यांनी घेतला होता. पुढे देशोदेशीच्या धर्मग्रामांत अशा समित्या निघाल्या. आमच्या समितीनेही रक्तदान शिबिरे भरवली, दारूबंदीच्या सभा घेतल्या, शेजारच्या मशिदीतील मंडळींना नाताळात घरी बोलावले. यातले काहीही वाईट नव्हते. मात्र यातल्या एकाही कामात आमच्या खिशाला किंवा आमच्या शेजाऱ्याशी असलेल्या संबंधांना धक्का लागत नव्हता.

अन्याय बाहेरून येतो तेव्हा आपण वसईकर मागे राहत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर आपल्या जमिनींवर पडली होती आणि विहिरींचे गोडे पाणी टँकरने वाहून नेले जात होते. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. धर्मगुरू, शेतकरी, शिक्षक, सर्व धर्मांचे लोक रस्त्यावर उतरले. २०२४ च्या जुलैमध्ये फादर आपल्यातून गेले, तेव्हा त्या दिवसांच्या आठवणी घरोघरी निघाल्या. आमच्यापैकी काहींनी त्या लढ्यात भाग घेतला आहे आणि त्याचा अभिमानही आहे. तरी एक गोष्ट तेव्हाही बोलायला कठीण होती, आजही आहे. टँकर बाहेरचे होते हे खरे, पण विहीर कोणाची होती? पाणी उपसले जाऊन विहिरीत खारेपणा शिरला, त्याआधी त्या पाण्याचे पैसे कुणीतरी मोजून घेतले होते. बावखले बुजली तीही काही सगळी परक्यांच्या हातांनी बुजली नाहीत. मोर्चात घोषणा देताना हा प्रश्न विचारावा लागत नाही. घरी परतल्यावर मात्र तो ओट्यावर येऊन बसतो.

आता मजुरीकडे येऊ. आमच्या चर्चेत सर्वांत आधी जो मुद्दा आला तो असा: आम्ही कोणावर जबरदस्ती करत नाही. मजुरी ठरलेली आहे, ती भगिनी आपल्या पायांनी येते, तिला पटते म्हणूनच येते. दोघांच्या संमतीने झालेल्या व्यवहारात अन्याय कुठून आला?

हा प्रश्न फालतू नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात नेमका हाच मुद्दा घेतला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कामगार आणि मालक यांनी मोकळेपणाने मजुरी ठरवावी हे ठीक. पण काटकसरीने राहणाऱ्या कामगाराला जगता येईल एवढी ती असलीच पाहिजे, आणि हे बंधन दोघांच्या करारापेक्षा जुने आहे. त्याहून वाईट होईल या भीतीने एखादा कमी मजुरीला राजी झाला, तर त्याच्या त्या होकाराने अन्याय पुसला जात नाही. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात अशाच दिशेने निवाडा दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, कारण भूकही माणसावर सक्ती करते, असा त्याचा आशय आहे. रोममधील पोप आणि दिल्लीतील न्यायाधीश यांचा एकमेकांशी काय संबंध? तरी वेगवेगळ्या वाटांनी दोघे एकाच दारापाशी आले.

हे सारे दूरचे वाटत असेल तर जवळचे सांगतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. तो झाल्यानंतरही, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, याच आपल्या वसई तालुक्यात वेठबिगार होते. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी त्यांची सुटका करण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी माणसे वर्षानुवर्षे राबत होती. त्यांनाही कोणी साखळीने बांधले नव्हते. रोज सकाळी तीही आपल्या पायांनीच कामावर जात होती. गावात तेव्हाही शांतताच होती.

आमच्या वाड्या तशा नाहीत, हे आम्ही मुद्दाम सांगतो. तुलना करून कोणाला गुन्हेगार ठरवायचे नाही. "ती स्वतःहून येते" हे वाक्य मात्र पुन्हा उच्चारताना जीभ थोडी अडखळावी, एवढाच हेतू आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी आपली वही काढली. मोगऱ्याचा भाव सणाच्या दिवशी चढतो आणि चार दिवसांनी असा पडतो की टोपली दादरला नेण्याचा खर्चही सुटत नाही. केळी वाऱ्याने आडवी होतात. विहिरीचे पाणी मचूळ झाले. मुले नोकरीला लागली, ती म्हणतात वाडी विकून टाका. "मी न्याय करायला गेलो तर वाडी बंद होईल. मग या बायांना काम कोण देणार?" त्यांचा आवाज चढला होता, पण ते खोटे बोलत नव्हते. त्यांची वही आम्ही सगळ्यांनी पाहिली. आमच्यापैकी काहींच्या वह्याही तशाच आहेत.

मग काय करायचे? येथे आम्हाला एक साधी गोष्ट सुचली. समजा, किराणा दुकानदाराचे आपल्याकडे दोन हजार रुपये येणे आहेत आणि या महिन्यात ते देणे जमत नाही. आपण त्याच्याकडे जातो, मान खाली घालून सांगतो, "भाऊ, पुढच्या महिन्यात देतो." त्याचे पैसे न देता नाताळला त्याला शर्टाचे कापड भेट देऊन आपण उदार झालो असे समजत नाही. दिले तर तो हसेल. मग वाडीतल्या भगिनीच्या बाबतीत आपल्याला असे का वाटते? तिची मजुरी पूर्ण देणे आज जमत नसेल, हे समजण्यासारखे आहे. पण जमत नाही म्हणून देणे हे दान होत नाही. देणे हे देणेच राहते, आणि देणेकऱ्याने ज्या नम्रतेने बोलायचे असते त्याच नम्रतेने आपल्याला तिच्याशी बोलावे लागते. आम्हाला राग आला तो पन्नास रुपयांचा नव्हता, असे आता वाटते. साडी देताना आम्ही देणारे होतो आणि ती घेणारी होती. पन्नास रुपये मागताच ती येणेकरी झाली आणि आम्ही देणेकरी. ही अदलाबदल आम्हाला सोसली नाही.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. त्याचा अर्थ स्वर्गराज्याविषयी आहे, देवाच्या औदार्याविषयी आहे, हे धर्मशिक्षणात शिकलो ते बरोबरच आहे. पण या खेपेस आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट दिसली. तो मालक दिवसातून पुन्हा पुन्हा चौकात जातो. संध्याकाळी पाचच्या सुमारासही तेथे माणसे उभी असतात, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेलेच नसते. सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात ते आपण स्टेशनला जाताना पाहतो. दुपारी कोण उरले हे पाहायला कोण जातो? तासाभराच्या कामालाही त्या मालकाने पूर्ण दिवसाचे नाणे दिले. कारण संध्याकाळी त्या घरातही तेवढ्याच भाकऱ्या लागणार होत्या. अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात तर गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी असा नियमच आहे. आमच्यातल्या दोघांनी त्या दिवशी मान्य केले की, त्यांच्याकडे मजुरी आठवण होईल तेव्हा दिली जाते, कधी दहा दिवसांनीही.

बोलायचे ठरले, पण बोलायचे कसे? येथे शेजारच्या भिवंडीचे उदाहरण उपयोगी पडले. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत भीषण दंगल झाली होती. त्यानंतर, १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. एकाच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, त्यांच्याबरोबर पोलीस चौकीतला माणूस, हे सर्व नेमाने एकत्र बसत. नळ, गटार, पोरांची भांडणे, मिरवणुकीचा रस्ता, असले बारीकसारीक विषय निघत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नळावरून बोलायची सवय लागलेली माणसे कठीण दिवशीही एकमेकांशी बोलू शकली. शांतता समिती आपल्याकडे बहुधा भांडण झाल्यावर बसते. तेथे ती भांडण नसताना बसत होती.

म्हणून आम्ही त्या भगिनींना चर्चच्या हॉलमध्ये बोलावले. त्या आल्या नाहीत. आम्हाला थोडे वाईट वाटले. मग कळले की बैठक सहाची ठेवली होती आणि त्यांची पाड्याकडे जाणारी एसटी साडेपाचला सुटते. इतकी वर्षे त्या आमच्याकडे येतात, पण हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. पुढच्या बुधवारी आम्हीच दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाडीत गेलो आणि आंब्याखाली त्यांच्याबरोबर बसलो.

पन्नास रुपयांचा विषय सर्वांत शेवटी निघाला. त्याआधी त्यांनी विचारले, मजुरी दर शनिवारी मिळेल काय? पाऊस लागून अर्ध्या दिवसात काम थांबले तर अर्धाच रोज का? वाडीत बायांना आडोसा नाही, त्याचे काय? एका म्हाताऱ्या बाईंनी साडीची स्तुती केली, नातीच्या लग्नात नेसली म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ती तुमची खुशी होती. रोज आमचा हाय." त्यावर आमच्यातले कोणी काही बोलले नाही. ज्येष्ठ सभासदांनी आपली वही त्यांच्यापुढे उघडली आणि भाव, खर्च वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हते, पण मोगऱ्याचा भाव त्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक निघाला. एकीने त्यांचा एक आकडा दुरुस्तही केला.

शेवटी एका वाडीने पन्नास रुपये वाढवले, तिघांनी तीस. एकाने आत्ता जमणार नाही, पावसाळ्यानंतर बघू, असे त्यांच्या तोंडावर सांगितले. शनिवारचा पगार पाचही जणांनी मान्य केला. आडोशाचे काम दोन ठिकाणी झाले आहे. धर्मग्रामातील इतर वाडीवाल्यांत यावरून नाराजी आहे, आणि आम्ही मजुरांना डोक्यावर बसवून गावाची शांतता घालवली असे काही जण म्हणतात. त्यांच्याशीही बसायचे आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये ही बैठक आहे. ज्यांच्या वाड्या आहेत त्यांनी आपापल्या वह्या बरोबर आणाव्यात.

नाताळचा निधी या वर्षीही गोळा होईल. त्याच्या साड्या घ्यायच्या की नाही, यावर समितीत अजून एकमत झालेले नाही. दोघे म्हणतात, घ्याव्यात, लग्नाला उपयोगी पडतात. बाकीच्यांचे म्हणणे असे की, आधी त्या भगिनींना विचारावे. त्यासाठी साडेपाचच्या आत जावे लागेल.